किती वाटलं ते कळलं, किती वाचलं ते सांगा

पोस्ट लांब आहे. पूर्ण वाचा, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

धान निघालं, रस्ते कोरडे झाले की आमच्या मूल-सावली-सिंदेवाही-पोंभुर्णा पट्ट्यात शिबिरांचा हंगाम लागतो. आरोग्य तपासणी, नेत्र तपासणी, ब्लँकेट वाटप, दप्तर वाटप, पोषण किट वाटप. प्रत्येकाची प्रेसनोट माझ्या मोबाईलवर येऊन पडते. मजकूर दरवर्षी तोच. अमुक प्रतिष्ठानच्या वतीने, तमुक साहेबांच्या हस्ते, इतक्या इतक्या गरजूंनी लाभ घेतला, सूत्रसंचालन अमक्यांनी केलं, आभार तमक्यांनी मानले. फोटोत मागे बॅनर, मध्ये साहेब आणि कडेला एक म्हातारी. तिच्या हातात ब्लँकेटचं एक टोक आहे, दुसरं टोक अजून साहेबांनी सोडलेलं नाही.

वीसेक वर्षं झाली मला या नोटा वाचून. त्यात आभार मानणाऱ्याचं नाव कधी सुटत नाही. मागच्या वर्षी ज्यांची तपासणी झाली त्यांचं पुढे काय झालं, हे मात्र एकाही नोटीत वाचायला मिळालं नाही.

माझं भांडण त्या ब्लँकेटशी नाही. थंडीत ब्लँकेट लागतंच. भांडण आहे ते "लाभार्थी" मोजण्याच्या सवयीशी. आणि हे भांडण चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाने नाही करायचं तर कोणी करायचं? गावागावातली लेकरं वाचवायची कशी, हे जगाने आपल्याच जंगलातून शिकलं आहे. शिकवणाऱ्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर त्यांनी मेलेली लेकरं मोजली.

गोष्ट जुनी आहे, पण नव्या पोरांना माहीत नाही म्हणून सांगतो. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत आले आणि 'सर्च' सुरू झाली. दवाखाना बांधायचा, पाटी लावायची, रोगी येतील तसे तपासायचे, हा सोपा मार्ग होता. तेही त्यांनी केलं. पण सोबत गावागावांत जन्म आणि मृत्यूची नोंद सुरू केली. कोणाच्या घरी बाळ झालं, किती दिवसांचं असताना गेलं, कशाने गेलं. आपल्याकडे बाराव्या दिवसाआधी गेलेलं बाळ कोणी मोजत नव्हतं. नाव ठेवलं नाही तर नोंद कसली? गुपचूप पुरायचं आणि बाईने चार दिवसांनी रोवण्याला जायचं.

मोजल्यावर कळलं की लेकरं मरतात त्यातली बरीचशी पहिल्या महिन्यातच मरतात, आणि घरातच मरतात. दवाखान्याच्या रजिस्टरात ती येणार कुठून? मग १९९५ पासून ३९ गावांत एक प्रयोग झाला. गावातलीच पाचवी-दहावी शिकलेली बाई निवडली, तिला शिकवलं. ती बाळंतपणाच्या वेळी घरी हजर राहणार. बाळाचं वजन करणार, ताप बघणार, ते गार पडलं तर उबदार पिशवीत ठेवणार, श्वास घेत नसेल तर तोंडावर मास्क लावून हवा देणार, अंगात जंतू पसरल्याची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शनसुद्धा देणार. शेजारच्या ४७ गावांत हे केलं नाही, तुलनेसाठी. तिसऱ्या वर्षी त्या गावांशी ताडून पाहिलं तर नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने हा अभ्यास छापला. खर्च किती? तेव्हाच्या हिशोबाने एका बाळामागे पाच-सव्वापाच डॉलर. आजच्या एका वाटप कार्यक्रमाच्या मंडप-माईक-हार-शालीच्या बिलात अशी किती बाळं बसतील, ते तुम्हीच मोजा.

गावच्या बाईच्या हातात सुई दिली म्हणून डॉक्टर लोकांनी तेव्हा कमी ओरड केली नाही. पण ओरडणाऱ्यांसमोर ठेवायला यांच्याकडे आकडे होते. किती बाळं जन्मली, किती गेली, किती वाचली. पुढे २००१ मध्ये राज्यातल्या इतर संस्थांना सोबत घेऊन 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. सरकारी कागदावर दिसतात त्यापेक्षा कितीतरी जास्त बालमृत्यू होत आहेत, हे सरकारला तोंडावर सांगितलं. सरकारला समिती नेमावी लागली.

(दारूबंदीवर माझं बंग मंडळींशी पटत नाही. २०१५ ते २०२१ आमच्या जिल्ह्यात बंदी होती तेव्हा काय काय चाललं ते मी इथेच बसून पाहिलं आहे. तो वाद वेगळा, त्यावर वेगळी पोस्ट होईल. इथे तो आणू नका.)

आता याच्या उलट बाजू. आपण या लोकांचे केले काय? देव केले. आनंदवन, हेमलकसा, शोधग्राम ही आपली तीर्थक्षेत्रं. बाहेरून पाहुणा आला की छाती फुगवून सांगतो, आमच्या जिल्ह्यात देवमाणसं आहेत. आमच्या मूल तालुक्यातच सोमनाथ आहे. साठच्या दशकापासून तिथे बाबांच्या श्रमसंस्कार छावणीला भारतभरातून पोरं येत आली, कुदळ-फावडं चालवून गेली. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती काढली तेव्हा कुष्ठरोग्याच्या कटोऱ्यात आणखी चार पैसे टाकायला नव्हती काढली. कटोरा सुटावा, हाताला काम मिळावं म्हणून काढली होती. आणि त्याच तालुक्यात आपण आज बाबांच्या फोटोला हार घालून खाली काय करतो? वाटप.

देव केलं की एक सोय होते. त्यांच्यासारखं आपल्याला करावं लागत नाही. ते थोर, आपण साधे.

सरकारचीही सोय होते, आणि ती जास्त वाईट. भामरागडला दवाखान्याचा विषय निघाला की अधिकारी सांगतात, तिथे हेमलकसा आहे ना. आहे. डिसेंबर १९७३ पासून आहे. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाताईंनी अख्खं आयुष्य घातलं. पण म्हणून पर्लकोटेला पूर आला की तालुका तुटतो ही गोष्ट पन्नास वर्षं माफ होते का? सप्टेंबर २०२४ चा व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. अहेरी तालुक्यात तापाने गेलेली दोन लेकरं, आणि आई-बाप एकेक मृतदेह खांद्यावर घेऊन चिखलातून गावाकडे निघालेले. रडणारे इमोजी टाकून तुम्ही तो पुढे पाठवला. ज्या दोन जिल्ह्यांत इतक्या संस्था, इतके पुरस्कार, इतका कंपन्यांचा निधी, तिथे दोन पोरांचे देह न्यायला गाडी मिळू नये?

आता निधीचं बघू. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्च करायचे, हे एप्रिल २०१४ पासून लागू आहे. आमच्या जिल्ह्यात कोळसा, सिमेंट, कागद, वीज. तिकडे एटापल्लीत सुरजागडचं लोखंड. त्याशिवाय २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान. खाणवाल्यांनी रॉयल्टीच्या वर, जुन्या खाणींसाठी ३० टक्के आणि लिलावाने गेलेल्या नव्या खाणींसाठी १० टक्के, इतकी रक्कम जिल्ह्यासाठी भरायची. आणि त्यातली निम्म्याहून जास्त पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला-बालकल्याण, प्रदूषण अशा गोष्टींवर खर्च करायची. म्हणजे हा पैसा कोणाची मेहरबानी नाही. आपली जमीन खणली, आपल्या फुफ्फुसात धूळ गेली, त्याची ती भरपाई आहे. तरी वाटताना "दानशूर" कोण? ज्याच्या हस्ते वाटलं तो.

"आम्ही आमच्या खिशातून करतो, तुम्ही विचारणारे कोण?" असं मला एका भल्या माणसाने विचारलं. खरंच खिशातून करत असाल तर हात जोडतो. पण ८०जी ची पावती दिली-घेतली की त्या दानावर सरकार कर सोडतं. तो सोडलेला कर माझ्या आणि त्या ब्लँकेटवाल्या म्हातारीच्याही हिश्शाचा आहे. माचिस विकत घेताना तीही कर भरते. तेव्हा विचारणार.

शिबिरात नेमकं काय बिघडतं ते एका उदाहरणाने सांगतो, कारण इथेच माणसं मरतात. सिकलसेल. आपल्या भागात घराघरात माहीत असलेला आजार. शिबिरात बोटाला सुई टोचून सोल्युबिलिटी टेस्ट करतात. स्वस्त आहे, झटपट होते. पण ती फक्त इतकंच सांगते की रक्तात सिकलसेलचा अंश आहे. माणूस नुसता वाहक आहे, म्हणजे त्याला सहसा काही त्रास होणार नाही, की त्याला प्रत्यक्ष आजार आहे, हे त्या टेस्टमधून कळत नाही. त्याला पुढची इलेक्ट्रोफोरेसिसची तपासणी लागते. ती जिल्ह्याच्या ठिकाणी होते. मग शिबिरात पॉझिटिव्ह निघालेल्या पोरीला चंद्रपूरला कोणी नेलं? आजार असेल तर हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला चालू राहिल्या का? लग्न जमवताना दोघांचे कार्ड कोणी बघितले? दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात लेकरू आजारी निघण्याची शक्यता चारात एक, हे नवरा-बायकोला समजेल अशा भाषेत कोणी सांगितलं?

सावली तालुक्यातल्या एका गावात एका आईने मला कार्ड दाखवलं. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. म्हणाली, "भाऊ, कारड तं देल्लं, आता या कारडाचं करू काय?"

त्या कार्डावर संस्थेचा लोगो होता, प्रायोजकाचा लोगो होता. पुढच्या तपासणीची तारीख लिहायची जागा कोरी होती.

१ जुलै २०२३ ला देशाचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. तपासणीचे आकडे जोरात आहेत. मला तपासलेल्यांचा आकडा नकोच आहे. उपचारावर टिकलेल्यांचा द्या.

आता "आशा"ताईंकडे येतो. गडचिरोलीच्या त्या प्रयोगाचं पुढे काय झालं? सरकारने तो उचलला, हे चांगलंच झालं. २०११ मध्ये देशभर घरोघरी नवजात बालकाची काळजी ही योजना आली आणि काम आशांवर आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ४२ दिवसांत सहा भेटी, घरी झालं तर सात. मोबदला ठरला सगळ्या भेटी पूर्ण झाल्यावर २५० रुपये. भागाकार करा. एका भेटीला ४२ रुपयेसुद्धा पूर्ण पडत नाहीत. जंगलातल्या पाड्यावर जायला, वजन करायला, ताप बघायला, आईला दूध पाजायला शिकवायला आणि फॉर्म भरायला. २०२३-२४ मध्ये या बायांना आझाद मैदानात जाऊन बसावं लागलं, तेव्हा राज्याने मानधनात ५,००० ची वाढ दिली. जगाला शिकवलेल्या कामाची आपल्या घरात ही किंमत.

एका आशाताईने मला तिची पिशवी उघडून दाखवली. थर्मामीटरचा सेल संपलेला, वजनकाट्याची झोळी फाटलेली. तिने ती स्वतः जुन्या लुगड्याच्या तुकड्याने शिवून घेतली होती. त्याच गावात त्या महिन्यात कुठल्यातरी संस्थेचं "सुदृढ बालक स्पर्धा" म्हणून बक्षीस वितरण झालं होतं. गुटगुटीत पोराला बक्षीस. ज्याचं वजन कमी भरेल त्याची आई त्या मंडपात येणारच नव्हती, आणि गाठायची होती ती नेमकी तिलाच.

मला कोणी विचारलं की बाबा, पैसा आहे, कुठे घालू, तर माझं उत्तर या पिशवीपासून सुरू होतं. तालुक्यातल्या प्रत्येक आशाच्या पिशवीतलं सामान चालू आहे की नाही, हे बघणारा एक माणूस पगारावर ठेवा. उद्घाटन होणार नाही. फीत कापायला काही नाही. म्हणून कोणी करत नाही.

दुसरं उत्तर कागदाचं आहे. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाने मारल्या. आपल्या भागात हे दुःख दर उन्हाळ्याचं झालं आहे. अशा घरी दोन-चार दिवसांत किट पोचतं. तांदूळ, तेल, साखर, फोटो. सरकारची २५ लाखांची मदतही मिळते, त्यातला मोठा भाग मुदत ठेवीत राहतो. पण मागे राहिलेल्या लेकरांसाठी सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, हे किती घरांना माहीत आहे? आई किंवा बाप गेलेला असेल तर लेकरामागे महिन्याला २,२५० रुपये, १८ वर्षांचं होईपर्यंत. २०२३ मध्ये ही रक्कम १,१०० वरून वाढली. दोन लेकरं असतील तर वर्षाचे ५४,००० होतात. पैसे रखडतात, मान्य. सहा-सहा महिने येत नाहीत. त्यासाठीसुद्धा तहसील आणि महिला-बालविकासच्या पायऱ्या झिजवणारं कोणी लागतं. वाघ कशाला, दारूने, विजेच्या झटक्याने, कॅन्सरने गेलेल्या बापाच्या लेकरांनाही ही योजना लागू आहे. प्रत्येक गावात दोन-चार घरं अशी आहेत. एका संस्थेने एका तालुक्यात फक्त हे अर्ज भरून, मंजूर होईपर्यंत पाठपुरावा केला, तर ती आमच्या इथली सगळ्यात मोठी दानशूर संस्था ठरेल. स्वतःचा एक रुपया न वाटता.

तसंच नागपूरचं. पेशंट घेऊन नागपूरला जाताना गावातले लोक वर्गणी करतात, आम्ही पत्रकारही "मदतीचे आवाहन" छापतो. पण मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, हे त्या बापाला गाडीत बसण्याआधी सांगणारा कोणी नसतो. उत्पन्नाचा दाखला आणि राशन कार्ड घरी राहतं, आणि तिथल्या काउंटरवर सगळं अडतं. कोणाला सेवा करायची हौस असेल तर मूलच्या सरकारी दवाखान्याबाहेर एक टेबल टाका. खुर्ची, पेन, झेरॉक्सचे पैसे. बस्स.

चांगलं काम होतच नाही असं मी म्हणत नाही. रात्री दोनला फोन केला तरी रक्त द्यायला उठणारी पोरं मूलमध्ये आहेत, मला त्यांची नावं माहीत आहेत, आणि त्यांची प्रेसनोट मला कधी आलेली नाही. तिकडे कुरखेड्याला डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदाताई देशमुखांच्या संस्थेचं नावच "आम्ही आमच्या आरोग्यासाठी". "आम्ही तुमच्या आरोग्यासाठी" नाही. त्या एका शब्दाच्या फरकावर आमच्या किती संस्था टिकतील, सांगा.

"काहीच न करणाऱ्यापेक्षा काहीतरी करणारा बरा," ही कमेंट येणारच आहे, म्हणून आधीच उत्तर देतो. नेहमीच बरा नसतो. शिबिरात तपासून घेतलं की माणसाला वाटतं आपलं झालं. तो पुढे दवाखान्यात जात नाही. सरकारला वाटतं, त्या गावात संस्था काम करते आहे, आपण दुसरीकडे बघू. कंपनीचा अहवाल रंगीत छापून होतो. सगळ्यांचं समाधान होतं आणि पोरगी तिथल्या तिथे राहते.

यापुढे माझ्याकडे शिबिराची प्रेसनोट आली तर मी ती घेईन. फक्त तीन गोष्टी विचारीन. मागच्या वेळी तपासलेल्यांपैकी किती जणांचा उपचार आज चालू आहे? या कामासाठी गावातल्या कोणाला शिकवलं, आणि तिला पैसे देता का? हिशोब धर्मादाय आयुक्तांकडे कधी भरला? कंपनीचा पैसा असेल तर प्रकल्पाची माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर टाकणं त्यांना बंधनकारक आहे, ती मी स्वतः बघेन. उत्तरं आली तर फोटोसकट छापीन, ठळक छापीन. नाही आली तर उत्तर आलं नाही हेच छापीन. यामुळे दोन-चार जाहिराती जातील. एका संस्थाचालकाचा फोन याआधीच येऊन गेला आहे, फार गोड बोलले.

तुमच्या गावात आई किंवा बाप गेलेली लेकरं असतील तर बालसंगोपनाच्या अर्जासाठी एवढं जमवून ठेवायला सांगा: गेलेल्या पालकाचा मृत्यू दाखला, लेकराचं आणि पालकाचं आधार, शाळेचं बोनाफाईड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, राशन कार्ड, बँकेचं पासबुक, आणि घरासमोर पालकासोबत लेकराचा एक फोटो. हो, इथेही फोटो लागतो. अर्ज चंद्रपूरला जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जातो, बालकल्याण समितीपुढे मंजूर होतो. मृत्यू दाखल्यावर आणि आधारवर नाव एकसारखं आहे का ते आधी बघा, निम्मे अर्ज तिथेच अडकतात. अडलं तर मला इनबॉक्समध्ये गावाचं नाव टाका. लेकरांची नावं आणि फोटो खाली कमेंटमध्ये टाकू नका.